सात हाली, सहा कलदार

शंभर कलदार म्हणजे एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. हैदराबाद संस्थानच्या हिशेबात हा दर असा पैपर्यंत मोजून लिहिलेला असतो. आकडा बोजड वाटतो, पण भागाकार केला की सुटसुटीत होतो: सात हाली रुपयांना सहा कलदार. इंग्रजांच्या टांकसाळीत यंत्रावर पाडलेला तो कलदार. निजामाच्या टांकसाळीतला, पुढच्या काळात चारमिनारची छाप मिरवणारा, तो हाली, म्हणजे संस्थानात तेव्हा चालू असलेला. दोन्ही चांदीचेच, पण हालीत चांदी कमी. त्यामुळे सातास सहा हा भाव अन्यायाचा नव्हता, तो धातूचा हिशेब होता. अन्याय असलाच तर तो या दोन नाण्यांच्या मधल्या जागेत होता. ती जागा होती सरहद्दीची.

बीड तालुक्यातले नेकनूर बालाघाटाच्या पठारावर, मांजरसुंबा–केज रस्त्यावर आहे. सरहद्दीवरचे गाव म्हणून त्याची कोणी नोंद करणार नाही. पण बीड जिल्हा निजामाचा असताना इंग्रजी मुलूख इथून बैलगाडीच्या दोन-तीन मुक्कामांवर सुरू होत होता. पश्चिमेला नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातले जामखेड आणि खर्डा, दक्षिणेला सोलापूर जिल्ह्यातली बार्शी. राजधानी हैदराबाद मात्र कित्येक मुक्काम दूर, आग्नेयेला. बालाघाटावरच्या शेतकऱ्याचा सारा आग्नेयेला जाई आणि माल पश्चिमेला. या एका वाक्यात सगळ्या मुलखाचा दीडशे वर्षांचा आर्थिक इतिहास मावतो. तह, गॅझेटियर, जनगणना, कायदे आणि शेवटी राज्यघटना असे सरकारी कागद एकापुढे एक ठेवले, तर तो कसा घडला हे बऱ्याच अंशी मांडता येते.

आपल्याकडे ही गोष्ट सहसा वेगळी सांगितली जाते. सरहद्द म्हणजे भिंत होती, १९४८ साली ती पडली आणि मग मराठवाडा उरलेल्या मुलखाशी जोडला गेला, अशी. कागद या क्रमाला दुजोरा देत नाहीत. त्यांच्यानुसार बाजार आधी जोडला गेला आणि राज्य फार मागाहून. ज्या अटींवर बाजार जोडला गेला, त्या अटी राज्य बदलल्यावरही लगेच बदलल्या नाहीत.

सरहद्द कशी पडली

११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. मराठे जिंकले, पण त्यातून सीमा काही कायमची ठरली नाही. तेव्हा या भागात सीमा म्हणजे रेघ नव्हतीच. एकाच गावातून चौथाई एकाची, जहागीर दुसऱ्याची, असा अंमल एकात एक गुंतलेला होता. १८१८ साली पेशवाई बुडाली, नगर आणि सोलापूरचा मुलूख कंपनीकडे गेला, आणि मग रेघ ओढायची गरज पडली. १८२२ च्या तहाने निजामाची चौथाईच्या देण्यातून सुटका झाली आणि दोन्ही बाजूंनी काही मुलखाची अदलाबदल केली. आष्टीच्या बाजूला सीना नदी बऱ्याच लांबीपर्यंत हद्द झाली. नदी हद्द झाली की नकाशा स्वच्छ दिसतो. पण जामखेडकडे इंग्रजी आणि निजामी गावे एकमेकांत मिसळलेलीच राहिली, आणि बार्शी तालुका बऱ्याच बाजूंनी निजामी मुलखाने वेढलेला राहिला.

ही रेघ पुन्हा एकदा हलली. १८५३ च्या तहाने वऱ्हाडाबरोबर नळदुर्ग, म्हणजे आजच्या धाराशिवचा मुलूखही, इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. नळदुर्गचा कारभार काही वर्षे कर्नल मेडोज टेलर यांच्याकडे होता. १८६० साली तो जिल्हा निजामाला परत मिळाला. म्हणजे सात वर्षे इंग्रजी अंमल बालाघाटाला दक्षिणेकडून येऊन भिडला होता आणि नंतर मागे सरला. या सात वर्षांत गावे होती तिथेच राहिली, फक्त सारा कोणाच्या नावाने जातो तेवढे बदलले. बाजाराची दिशा बदलायला मात्र असे तह पुरे पडत नाहीत, हे पुढच्या कागदांवरून दिसते.

पाच टक्के

१८०२ साली निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात व्यापारी तह झाला. त्याची कलमे आज वाचली तर एखाद्या आधुनिक व्यापार कराराची वाटतात. दोन्ही मुलखांत मालाची ये-जा मोकळी असावी. वाटेतले स्थानिक कर उठवावेत. मालावर पाच टक्के जकात एकदाच घ्यावी, त्याहून जास्त नाही. आणि निजामाला मच्छलीपट्टणचे बंदर व्यापारासाठी खुले राहावे. हैदराबाद हे समुद्र गमावलेले राज्य होते. ते बंदर पूर्वी त्याच्याच मुलखात होते, आता कंपनीच्या मेहेरबानीवर वापरायचे होते.

या कलमात बालाघाटाच्या दृष्टीने एक गंमत आहे. तहाने दिलेले बंदर पूर्व किनाऱ्यावर होते. नेकनूर, केज, आष्टी या गावांचे बंदर पश्चिमेला मुंबई. राज्याने बंगालच्या उपसागराकडे दार मागून घेतले आणि त्याच्या मराठी जिल्ह्यांनी अरबी समुद्राकडे वाट काढली. तहावर सही करणाऱ्यांना याची जाणीव असो वा नसो, राज्य आणि बाजार यांच्या दिशा वेगळ्या असल्याची साक्ष या कागदातच आहे.

शिवाय तहातली 'एकदाच' ही अट प्रत्यक्षात उतरायला अर्धे शतक गेले. संस्थानात जकातीचा मक्ता दिला जाई. जहागीरदार आणि जमीनदार आपापल्या हद्दीत राहदारी वसूल करीत. म्हणजे संस्थानाच्या बाहेरच्या सरहद्दीआधीच आत अनेक सरहद्दी होत्या. १८५३ ते १८८३ एवढा काळ दिवाण राहिलेल्या पहिल्या सालारजंगांनी हे मोडायला घेतले. १८६५ च्या जिल्हाबंदीने मुलूख जिल्ह्यांत बांधला गेला, मक्तेदारी मागे पडली, आतली राहदारी उठली, आणि जकात राज्याच्या कडेवर गोळा करण्याची पद्धत बसली. या खात्याचे नाव करोडगिरी. अकबराच्या काळातल्या 'करोडी' या अंमलदाराची आठवण त्या शब्दात आहे. बीडच्या बाजूला लोक मात्र सरळ 'नाका' म्हणत.

एकोणिसाव्या शतकात जर्मन राज्यांनीही हेच केले होते. १८३४ साली सुरू झालेल्या त्यांच्या जकात संघाने आतले नाके उठवून बाहेरच्या कडेला एकच नाका ठेवला. पण तिथे अनेक राज्ये मिळून एक बाजार करत होती. इथे एकाच बाजाराच्या मधोमध नाका पक्का होत होता. संस्थान आतून एकसंध झाले ही सुधारणा खरीच होती. बालाघाटाच्या शेतकऱ्यासाठी मात्र तिचा अर्थ असा झाला, की त्याचा माल ज्या दिशेला जातो नेमक्या त्याच दिशेला सरकार उभे राहिले.

काय जाई, काय येई

जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये नगर आणि सोलापूर या दोन्ही जिल्ह्यांचे खंड १८८४ चे आहेत. नगरच्या खंडात खर्ड्याचे वर्णन आहे. पाचशेहून अधिक व्यापारी, दुकानदार आणि सावकार तिथे होते. आसपासच्या गावांतून आणि बालाघाटातून ते धान्य, देशी कापड वगैरे आणीत आणि पश्चिमेला पुण्याकडे पाठवीत. जनावरांचा बाजारही तिथे भरे. 'बालाघाटातून' हा त्या नोंदीतला महत्त्वाचा शब्द. बालाघाटाचा बराच भाग निजामाकडे होता. इंग्रज अधिकारी आपल्या हद्दीतल्या पेठेचे वर्णन लिहितो आहे, आणि त्या पेठेचा माल दुसऱ्याच्या राज्यातून येतो हे त्याला सहज, नेहमीचे वाटते आहे.

सोलापूरच्या खंडात बार्शीची तीच कथा. कापूस आणि गळिताची धान्ये, आणि त्यांचा मोठा पुरवठा निजामी मुलखातून. बार्शी मोठी झाली ती सरहद्दीमुळेच, असे म्हणता येईल. एका बाजूला माल पिकवणारा मुलूख, दुसऱ्या बाजूला मुंबईपर्यंतची वाट, आणि मध्ये इंग्रजी कायद्याच्या, कलदार नाण्याच्या छत्राखाली बसलेला अडत्या. अशी पेठ हद्दीच्या आत शंभर मैलांवर वाढत नाही, ती हद्दीला चिकटून वाढते.

विसाव्या शतकाच्या आरंभी निघालेल्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये हैदराबादच्या मराठी जिल्ह्यांच्या व्यापाराच्या याद्या जवळजवळ एकाच साच्याच्या आहेत. बाहेर जाणारे: ज्वारी आणि इतर धान्ये, कापूस, गळिताची धान्ये, जनावरे, कातडी. आत येणारे: मीठ, साखर, तांब्या-पितळेची भांडी, लोखंड, रॉकेल, सोने-चांदी, कापड. जाणारे सगळे शेतातले आणि गोठ्यातले. येणाऱ्यांपैकी बरेचसे कारखान्यातले किंवा समुद्रातले.

यातले मीठ जरा जवळून बघण्यासारखे आहे. कोकणातल्या मिठागरातून मीठ निघतानाच त्यावर इंग्रजांचा मीठकर लागे. १८८८ ते १९०३ या काळात तो मणाला अडीच रुपये होता. हा कर किमतीत मुरलेले मीठ घाट चढून सरहद्दीला येई, आणि तिथे त्यावर निजामाची करोडगिरी बसे. नेकनूरच्या चुलीवरच्या कालवणात पडणारे मीठ दोन सरकारांना कर देऊन आलेले असे. त्यातल्या एका सरकारची ती चूल पेटवणारी बाई रयतही नव्हती. पुढे १९३० साली मिठासाठी उठलेली चळवळ इंग्रजी हद्दीतली म्हणून सांगितली जाते, पण तो कर हद्दीपाशी थांबत नव्हता.

वंजाऱ्यांचा तांडा आणि अडीच फुटांचे रूळ

रेल्वेआधी हे सगळे बैलांच्या पाठीवरून चाले. वंजारी आणि लमाण यांचे तांडे किनाऱ्याकडून मीठ वर नेत आणि वरचे धान्य खाली आणत. बैलाला सडक लागत नाही आणि नाक्याला चुकवून जाणारी पाऊलवाट त्याला ठाऊक असते. जकात खात्याच्या दृष्टीने तांडा हा नेहमीच डोकेदुखीचा माल.

मग रूळ आले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० साली सोलापूरला पोहोचली. १८७८ साली दौंड–मनमाड मार्ग सुरू झाला आणि नगर रेल्वेवर आले. हे दोन्ही मार्ग इंग्रजी हद्दीतून, बीड जिल्ह्याला वळसा घालून गेले. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे धावू लागली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने अवघ्या अडीच फूट रुंदीचा रूळ टाकून बार्शी मुख्य मार्गावरच्या बार्शी रोडशी, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीशी, जोडली. छोट्या रुळावरही मोठा माल वाहता येतो हे सिद्ध करणारी ही गाडी जगभरच्या रेल्वे अभियंत्यांच्या कौतुकाचा विषय झाली. बालाघाटासाठी तिचा अर्थ साधा होता: मुंबईची बाजारपेठ आता कुर्डुवाडीहून बार्शीत आली.

पुढे हा मार्ग निजामी हद्दीत शिरला. १९०७ मध्ये तो तडवळ्यापर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचला. लातूरची पेठ त्यानंतर फुगली. म्हणजे निजामी मुलखाच्या या कोपऱ्याला त्याच्या राजधानीने नव्हे, तर सरहद्दीपलीकडच्या गावातून निघालेल्या एका खासगी कंपनीच्या रुळाने बाजाराशी जोडले. निजामाचा स्वतःचा मनमाड–सिकंदराबाद मार्ग १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाला. तो जालना, परभणीवरून गोदावरीच्या उत्तरेने गेला. बीड पुन्हा मधल्या पोकळीत राहिले. वरून एक रेल्वे, पश्चिमेला दुसरी, दक्षिणेला तिसरी, आणि मध्ये सगळा जिल्हा गाडीवाटांवर.

रूळ आल्यावर तांडे मोडले. वंजाऱ्यांचा वाहतुकीचा धंदा बसला आणि ते याच माळरानावर शेतीला लागले. ही गोष्ट पुढे पुन्हा येईल.

जनगणनेतले भगदाड

सरहद्द ओलांडून फक्त माल जात नव्हता. १८९१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या ६,४२,७२२ होती. १९०१ मध्ये ती ४,९२,२५८ भरली. दहा वर्षांत दीड लाख माणसे कमी, म्हणजे चौघांतला जवळजवळ एक. मध्ये १८९७ आणि १८९९–१९०० चे दुष्काळ होते. या तुटीत मेलेले आहेत आणि निघून गेलेलेही, आणि जाणाऱ्यांची एक वाट शेजारच्या इंग्रजी मुलखाकडे होती. तिथे रेल्वे होती, रेल्वेने येणारे धान्य होते आणि दुष्काळी कामे होती.

इथे नाक्याचे एक वैशिष्ट्य लक्षात येते. करोडगिरीच्या वहीत कापसाचे डोकडे आणि मिठाची पोती मोजली जात. डोक्यावर गाठोडे घेऊन उपाशी चाललेल्या माणसाचे तिथे काय मोजणार? त्याच्यावर जकात नव्हती, म्हणून तो वहीत नाही. तो सापडतो तो जनगणनेच्या वजाबाकीत.

उपरण्याखालचा भाव

आता बाजारात शिरू. नेकनूरचा आठवडी बाजार रविवारी भरतो, आणि त्याची ओळख जनावरांच्या बाजाराची. रेल्वे नसलेल्या मुलखात जनावरांचा बाजार टिकतो याला कारण आहे. कापसाला गाडी लागते, ज्वारीला पोती लागतात, बैल मात्र विकला गेल्यावर स्वतःच्या पायांनी नव्या धन्याच्या घरी चालत जातो.

अशा बाजारातला जुना सौदा असा असे. हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, आणि विकणारा समोरासमोर उभे राहात. एकाच्या हातावर उपरणे किंवा धोतराचा सोगा टाकला जाई आणि दोघांचे हात त्याखाली जात. तोंडाने बैलाच्या दातांची, खांद्याची, खोडींची चर्चा. भाव मात्र बोटांत. किती बोटे धरली, कशी दाबली, त्यावर आकडा. दहाचे की शंभराचे, ते दोघांना ठाऊक. भोवती वीस माणसे उभी असली तरी भाव दोघांपुरताच. १९२८ साली लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कृषी आयोगाने आपल्या अहवालात शेतमालाच्या बाजारातल्या या कापडाखालच्या गुप्त सौद्याची दखल घेतली आणि नियंत्रित बाजारांची शिफारस केली. ज्याला चालू भाव ठाऊक नसतो तो गुप्त सौद्यात हरतो, हे आयोगाला दिसत होते.

सरहद्दीच्या मुलखात ठाऊक असायला हवे असे भाव दोन होते: एक वस्तूचा, दुसरा नाण्याचा. समजा, सरहद्दीपलीकडच्या व्यापाऱ्याने बैलजोडी साठ कलदारला ठरवली. सातास सहाने ते सत्तर हाली झाले. सारा हालीत भरायचा, म्हणून कलदार मोडून घ्यायचे. मोडणारा सराफ अर्थातच सरकारी दराने मोडून देणार नाही, आपला बट्टा कापणार. उलट, बार्शीत लोखंड किंवा कापड घ्यायचे तर कलदारच लागणार, आणि हाली देऊन कलदार घेताना पुन्हा बट्टा. शेतकरी दोन्हीकडून बट्टा देतो, व्यापारी फार तर एकदा, आणि मोठा असेल तर एकदाही नाही. कारण त्याची दोन्ही नाण्यांत खाती असतात, त्याचा हिशेब हुंडीत मिटतो. सातास सहाच्या मधली जागा म्हणजे हीच.

१९१८ साली हैदराबादने स्वतःच्या कागदी नोटा काढल्या. त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कानडी आणि इंग्रजीतही मूल्य छापलेले असे. राज्यकारभाराची भाषा उर्दू, पण नोटेवर चार लोकांच्या लिप्या, कारण नोट बाजारात चालायची तर बाजाराला ती वाचता आली पाहिजे. राज्याने मराठीला कचेरीत जी जागा दिली नाही, ती नोटेवर द्यावी लागली.

संस्थान नुसते नाके लावून बसले नव्हते, हेही नोंदवायला हवे. १३३९ फसलीचा, म्हणजे साधारण १९३० सालचा, हैदराबाद शेतमाल बाजार कायदा त्या काळाच्या मानाने पुढारलेला होता. फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येते. मुंबई इलाख्यात १९२७ चा कायदा होता, पण तो फक्त कापसाच्या बाजारांसाठी. हैदराबादचा कायदा कापसापुरता थांबला नाही. कागदावर कायदा पुढे आणि गावाला रस्ता नाही, अशी ही स्थिती. मोंढा, म्हणजे शेतमालाचा बाजार, सुधारला, पण बैलगाडीने मोंढ्यापर्यंत पोहोचणाऱ्यांसाठीच.

जेव्हा कलदार गुन्हा झाला

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी हैदराबाद आणि भारत सरकार यांच्यात 'जैसे थे' करार झाला. त्यानंतर थोड्याच काळात निजाम सरकारने दोन वटहुकूम काढले. एकाने सोने-चांदीसारख्या धातूंची भारतात निर्यात रोखली, दुसऱ्याने भारतीय चलन संस्थानात कायदेशीर चलन म्हणून नाकारले. पाकिस्तानला दिलेल्या वीस कोटींच्या कर्जाबरोबर हे दोन वटहुकूम भारत सरकारच्या तक्रारींत ठळक होते, आणि १९४८ च्या श्वेतपत्रिकेत त्यांची नोंद आहे. दिल्लीत हा कराराच्या भंगाचा प्रश्न होता. बालाघाटावर त्याचा अर्थ फार व्यावहारिक होता: पिढ्यान्‌पिढ्या ज्या नाण्यात पश्चिमेकडचा व्यापार चालला, ते नाणे एका फर्मानाने परके झाले.

दुसऱ्या बाजूने, भारत आपली आर्थिक कोंडी करतो आहे अशी तक्रार हैदराबादने ऑगस्ट १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांपर्यंत नेली. समुद्र नसलेल्या राज्याला शेजाऱ्याने वाटा बंद केल्या तर काय होते, हे दोन्ही बाजूंना पक्के माहीत होते.

याच काळात स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालच्या स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते सरहद्दीपलीकडे, भारतीय हद्दीतल्या गावांत कॅम्प उभारून बसले होते. त्यांच्या कारवायांत एक लक्ष्य पुन्हा पुन्हा येते, ते म्हणजे करोडगिरीचे नाके. पोलीस ठाण्याबरोबर जकात नाका का जाळायचा? राज्याचा महसूल तोडणे हे एक कारण. पण सरहद्दीवरच्या माणसासाठी निजामाचे राज्य म्हणजे सिंहासन नव्हते, रस्त्यातला आडवा बांबू होता. राज्याचा राग निघायचा तर तो त्या बांबूवरच निघणार.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या. जनरल जयंतनाथ चौधरींची मुख्य तुकडी सोलापूरहून निघाली. कित्येक वर्षे कापूस ज्या वाटेने आला, त्याच वाटेने ती उलटी निघाली. १७ सप्टेंबरला शरणागती झाली.

पाच कलमांचे अंतर

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण कागद अजून बाकी आहेत. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या ३०१ व्या कलमाने संपूर्ण भारतात व्यापार, वाणिज्य आणि दळणवळण मुक्त केले. याच प्रकरणात पाच कलमे पुढे, ३०६ व्या कलमात, उलटी सवलत होती. ब वर्गातली, म्हणजे जुन्या संस्थानांतून झालेली, जी राज्ये आधीपासून आयात-निर्यातीवर जकात घेत होती, त्यांना भारत सरकारशी करार करून ती जास्तीत जास्त दहा वर्षे चालू ठेवता येईल. हैदराबाद ब वर्गातले राज्य होते. व्ही. टी. कृष्णम्माचारी यांच्या अध्यक्षतेखालच्या संस्थानांच्या अर्थव्यवस्थेवरील समितीने ही अंतर्गत जकात हळूहळू काढावी असे सुचवले होते. एकदम काढली तर राज्याच्या तिजोरीला भगदाड पडले असते.

म्हणजे निजामाची राजवट गेली, तिरंगा आला, सार्वत्रिक मताधिकार आला, आणि सीनेच्या काठचा नाका मात्र त्याच्या हिशेबासह काही काळ उभा राहू शकला. राजाची सत्ता संपवायला पाच दिवस पुरले, जकात हटवायला काही वर्षे लागली. हाली रुपयाही एका दिवसात गेला नाही, सातास सहाच्या जुन्याच दराने तो टप्प्याटप्प्याने मागे घेतला गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३०६ वे कलमच रद्द झाले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, तेव्हा नगर, सोलापूर आणि बीड हे शेजारचे जिल्हे एवढेच उरले. शेर आणि मण जाऊन किलो आल्यावर बाजारात सरहद्दीची खूण अशी काही राहिली नाही.

रेघ गेली, उतार राहिला

सरहद्द उठली म्हणून पाण्याचा उतार बदलत नाही. एकोणिसाव्या शतकात बालाघाटातून धान्य आणि कापूस पश्चिमेला जाई, कारण पेठ, पैसा आणि रेल्वे तिकडे होती. स्वातंत्र्यानंतर सहकारी साखर कारखाने प्रथम तिकडेच उभे राहिले. १९५० साली प्रवरेला सुरुवात झाली. मग धान्याऐवजी माणसे जाऊ लागली. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांचा हिशेब माणसांत होत नाही, कोयत्यात होतो: नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत तोडायचे असते. यांत वंजारी मोठ्या संख्येने आहेत. रुळांनी ज्यांचा तांडा मोडला, त्यांचीच नातवंडे-पणतवंडे आज ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून त्याच दिशेला जातात.

उचल या शब्दापाशी थोडे थांबावे. जुन्या सरहद्दीवर ज्याच्याकडे दोन्ही नाणी होती, तो दोन्हीकडून बट्टा घेई. आता नाणे एकच आहे, नाका नाही, कायदा एक आहे. तरी ज्याच्याकडे आगाऊ पैसा आहे तो अटी ठरवतो आणि ज्याला तो हवा आहे तो चालत जातो. १९०१ च्या जनगणनेत वजाबाकीने सापडणारा माणूस आणि हंगाम संपल्यावर गावात परतणारा कोयता, यांच्यात सव्वाशे वर्षे आहेत. दिशा एकच आहे.

म्हणून सरहद्दीचा मुलूख दोन बाजारांना जोडतो, असे म्हणताना एक प्रश्न विचारायला हवा: कोणाच्या अटींवर? बालाघाट जोडला गेला हे खरे. तह, रूळ आणि शेवटी घटनेनेही त्याला जोडले. पण प्रत्येक वेळी दुसऱ्या टोकाला पेठ होती आणि या टोकाला माल. राज्याने जकात घेतली, पण तिच्या बदल्यात स्वतःची पेठ उभी करायला लागणारा रस्ता आणि रूळ इथे आणला नाही.

रूळ शेवटी आला. अहिल्यानगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाची मागणी आणि काम कित्येक दशके रेंगाळले. २०२२ मध्ये गाडी आष्टीपर्यंत आली, आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड स्थानकातून पहिली गाडी सुटली. ती अहिल्यानगरला गेली. परळीकडचे, पूर्वेचे, काम त्या दिवशी अजून चालूच होते.